तिसरा फॉर्म

भिलाईच्या स्टील प्लांटच्या ऑफिसात माझ्याकडे काम होतं ते दुसऱ्यांच्या प्रवासाचे फॉर्म तपासायचं. नोकरदारानं घरच्यांना घेऊन कुठंतरी जाऊन यावं म्हणून एल.टी.सी.ची सवलत असे. कोण कुठं गेलं, सोबत आश्रित म्हणून कोणाची नावं लावली, तिकिटांचे नंबर लिहिले की नाही, हे सगळं माझ्या टेबलावरून पुढं सरकायचं. सोळा वर्षांत मी त्या टेबलावर बसून पुरी पाहिली, कन्याकुमारी पाहिली, वैष्णोदेवीला तर किती वेळा जाऊन आले त्याची मोजदाद नाही.

माझा स्वतःचा फॉर्म मात्र दर खेपेला सारखाच असे. मूळ गाव, भंडारा जिल्हा, सोबत आई. वडील प्लांटमध्ये असताना गेले आणि त्यांच्या जागी मी लागले, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी फॉर्म पुन्हा समोर आला तेव्हा आश्रितांचा रकाना रिकामा होता. नियमानं रकाना रिकामा सोडायचा नसतो, त्यात आडवी रेघ मारायची असते. अनेकांचे फॉर्म मी याच कारणावरून परत पाठवले होते. मी पट्टी घेऊन सरळ रेघ मारली, आणि मग 'कुठे जाणार' या ओळीवर पेन थांबलं. गावी आता कोणाकडे जायचं, हा प्रश्न होता.

त्याच आठवड्यात एका फिटरच्या कागदांत हिमालयातल्या कौसानीच्या टुरिस्ट बंगल्याची पावती आली. तारीख नीट लागत नव्हती म्हणून मी त्याला बोलावून घेतलं. तारखेचं सांगायचं सोडून तो बंगल्याबद्दलच बोलायला लागला. म्हणाला, सकाळी खिडकी उघडली तर समोर बर्फ, आणि असा, असा करत त्यानं दोन्ही हात पसरले. टेबलाच्या एका बाजूला फाइलींचा गठ्ठा होता, त्याला हात लागून दोन फाइली खाली पडल्या, तरी त्याचे हात खाली आले नाहीत. तो गेल्यावर मी फॉर्मवर कौसानी लिहिलं.

मला जायचं होतं, आणि कोणासोबत तरी जायचं होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. एकटीनं जायचा विचार मी नाकारला असंही नाही. तो आलाच नाही. चाळिशी उलटलेली बिनलग्नाची बाई हिमालयात एकटी जाते, असा एकही फॉर्म माझ्या टेबलावरून कधी गेला नव्हता.

सेक्टर दहामधलं आमचं क्वार्टर वडिलांच्या वेळचंच होतं. शेजारी वहिनी राहायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, रेल मिलमध्ये होते. त्यांना दोन मुलं. मागच्या अंगणातल्या भिंतीवरून वहिनींचं आणि माझं बोलणं चालायचं. मी त्यांना कौसानीचं सांगितलं तेव्हा त्या चादर वाळत घालत होत्या. चादरीच्या पलीकडून म्हणाल्या, "आमाले बी घेऊन चला ना ताई. तुमच्या भाऊजींच्यानं काई जमत नाई. हे फक्त बोलून राहतात."

दोन दिवसांत आमच्या सडकेच्या कोपऱ्यावरचे काका-काकू तयार झाले. काकांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. मग ऑफिसातले मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, आले. ते, त्यांची बायको, तीन मुलं आणि म्हातारी आई. म्हणजे वहिनींकडचे चार, काका-काकू दोन, मोठे बाबूंचे सहा, आणि मी. तेरा जणांची पार्टी झाली. भिलाईत लोक फिरायला असेच जातात, पार्टी करून. आपलं गाव मागं सोडून आलेली माणसं नात्यागोत्याऐवजी सडकेची माणसं गोळा करतात.

मग तीन महिने माझी बैठकीची खोली भरलेली राहिली. भाऊजींची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी सगळे माझ्याकडे जमायचे. जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजू मी ऑफिसातून आणून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर याद्या केल्या. औषधांची वेगळी, गरम कपड्यांची वेगळी, वाटेत खायच्या पदार्थांची वेगळी, आणि कोणी काय करायचं त्याची वेगळी. सामानाला बांधायच्या साखळ्या भाऊजींनी हथखोजच्या एका वर्कशॉपात करवून घेतल्या. कोहक्यात एक बाई स्वेटर विणून द्यायच्या, त्यांच्याकडे मी तेरा कानटोप्या सांगितल्या. लहानांच्या लाल, मोठ्यांच्या निळ्या, म्हणजे गर्दीत मूल पटकन दिसतं. भिलाईत एप्रिलचं ऊन तापायला लागलं होतं आणि मी सायकलच्या हँडलला लोकरीच्या टोप्यांची पिशवी अडकवून येत होते. चौकातला पानवाला हसला. मीही हसले.

मुलांनी शाळेचा नकाशा भिंतीला लावला. मोठे बाबूंच्या आई तोंडात सुपारी ठेवून विचारायच्या, बर्फ पायाखाली येईल का लांबून दिसेल. लांबून, असं सांगितलं की त्या म्हणत, मग बरं, चप्पल भिजणार नाही. भाऊजी रोज नवी भीती काढायचे. तिथं श्वास लागतो, तिथं वाघ आहे, तिथं डाळ शिजत नाही. मी प्रत्येक भीतीसमोर उपाय लिहायची. डाळीसमोर लिहिलं, कुकर. त्यावर वहिनी म्हणाल्या की ताईंनी वाघासमोर काय लिहिलं ते बघा आधी. वाघासमोर मी लिहिलं होतं, भाऊजी पुढे चालतील. त्यावर किती वेळ हसणं चाललं होतं.

तेव्हा मी खूश होते. हे लिहायला हवं, नाहीतर नंतरचं कळणार नाही. आई गेल्यावर घरात दोन कप धुतले जायचे, सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक. गुरुवारी मात्र मोरीत कपबशांचा ढीग पडायचा आणि तो मी मुद्दाम शुक्रवारी सकाळपर्यंत तसाच ठेवायची.

बंगल्याला पत्र मीच घातलं. मे महिन्यासाठी चार खोल्या मागितल्या आणि पत्रातच त्या वाटून दिल्या. पुढच्या मोठ्या दोन खोल्या दोन कुटुंबांना. त्यांच्या शेजारची काका-काकूंना, कारण काकूंना चढउतार नको. आणि मागे स्वयंपाकघराजवळ एक लहान खोली असल्याचं फिटरनं सांगितलं होतं, ती मला. महिनाभरानं उत्तर आलं, चारों कमरे आरक्षित हैं. ते कार्ड हातोहात सगळ्यांकडे फिरलं.

तिकिटं काढायला दुर्गला जायचं कामही माझंच. आरक्षणाच्या एका फॉर्मवर सहा नावं लिहिता येतात. वहिनींकडचे चार आणि काका-काकू मिळून एक फॉर्म झाला. मोठे बाबूंचे सहा, दुसरा झाला. उरले मी. तिसऱ्या फॉर्मवर माझं एकटीचं नाव लिहिलं आणि खालच्या पाच ओळींवर आडवी रेघ मारली. हिशेब चोख बसला होता. कोणतंच कुटुंब तुटत नव्हतं.

खिडकीवर पोचले तेव्हा बाबूनं सांगितलं की एका माणसाकडून दोनच फॉर्म घेणार, तिसऱ्यासाठी पुन्हा रांगेत या. कोणते दोन द्यायचे याचा मी विचारही केला नाही. वरचे दोन दिले. बारा बर्थ मिळाले, एकाच डब्यात. मग मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. पाऊण तासानं माझी पाळी आली तोवर डबा भरला होता. माझ्या तिकिटावर वेटिंग चार पडलं.

त्या गुरुवारी मी सगळ्यांना तिकिटं दाखवली. मोठे बाबू म्हणाले की चार म्हणजे काहीच नाही, होऊन जाईल. काका म्हणाले, नाहीच झालं तर आमच्या बर्थवर बसून घ्या, रात्र तर काढायची आहे. वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं काय ताई, एकल्या जीवाले कुठंबी जागा भेटते." त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. मीही मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेले. चहा उकळेपर्यंत मला एवढंच वाटलं, की पहिल्या फॉर्मवर काकांऐवजी माझं नाव असतं तर हे वाक्य काकांना कोणी म्हटलं असतं का.

एप्रिल संपत आला तेव्हा एक दिवस गुरुवार नसताना भाऊजी आले. ड्यूटीवरून सरळ आले होते, अंगावर खाकी तशीच. मिलचा शटडाऊन जूनमध्ये होणार होता, तो मेमध्ये ओढला होता. मोठ्या दुरुस्तीच्या काळात खात्यातल्या कोणाला रजा मिळत नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. तासाभरात सगळे माझ्याकडे जमले.

ठरायला अर्धा तासही लागला नाही. काका म्हणाले, तुम्ही नाही तर आम्ही दोघं म्हातारे तिथं जाऊन काय करणार. मोठे बाबू म्हणाले की आईला उन्हाळ्यात दिल्लीची गाडी तशीही जड गेली असती, दसऱ्यानंतर जाऊ, तेव्हा आकाश स्वच्छ असतं. मुलं थोडी रुसली. मोठी मुलगी हिंदीतच म्हणाली, "मतलब कैंसल?" आणि तिची आई म्हणाली की कॅन्सल नाही, पुढं ढकललं. मोठे बाबूंनी माझ्याकडे बघून म्हटलं, "ताई, तुमचं त वेटिंगच होतं. तुमाले काई फरक नाई पडत." सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी तिकिटं माझ्याकडेच दिली, कारण रद्द करायला दुर्गला मीच जाणार हे ठरवायचीसुद्धा गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि टेम्पोनं दुर्गला गेले. रांग मोठी होती, पंखा फक्त आतल्या बाबूंवर होता. माझी पाळी आल्यावर मी तिन्ही तिकिटं एकदम आत सरकवली. रद्द करायला दोनाची अट नव्हती. बाबूनं जाडं रजिस्टर उघडलं, पान शोधलं, आणि लाल पेननं नावं कापायला सुरुवात केली. मी उलट्या बाजूनं वाचत होते. वहिनी, भाऊजी, दोन्ही मुलं, काका, काकू. मग दुसरं तिकीट, मोठे बाबूंच्या आईपासून धाकट्यापर्यंत. बारा रेघा. मला रेघा मारायची सवय होती, पण दुसऱ्यानं मारलेल्या बघायची नव्हती.

मग त्यानं तिसरं तिकीट घेतलं, पान उलटलं, परत मागं आला. म्हणाला, "मैडम, ये तो कन्फर्म हो गया. अभी आपने ही जगह खाली की ना." वेटिंगच्या पहिल्या चार जणांना त्या बारांतल्या जागा मिळाल्या होत्या, आणि चौथी मी होते. त्यानं पेन माझ्या नावावर टेकवून विचारलं, "काट दूं?"

मागचा माणूस म्हणाला, बहनजी, जरा जल्दी. मी त्या पेनाच्या टोकाकडे बघत होते. एका क्षणात फार काही सुचलं, असं मी म्हणणार नाही. एवढंच कळलं की ही सवलत ठरावीक वर्षांत एकदाच मिळते. मेमध्ये वापरली तर दसऱ्यानंतरच्या पार्टीत मी नसणार. आणि आज माझ्यासाठी थांबलेली एक जागा आहे, ती माझ्या हातानं कोणाला द्यायची गरज नाही.

"मत काटिए," मी म्हटलं.

त्यानं खांदे उडवले आणि बर्थचा नंबर लिहून तिकीट परत दिलं. खालचा, खिडकीचा.

बाहेर बाकावर बराच वेळ बसून राहिले. आनंद झाला नव्हता. घरी आल्यावर मी कोणाला काही बोलले नाही. चार दिवस बोलले नाही, आणि त्या चार दिवसांत कळलं की ही गोष्ट सांगायला जायचं म्हटलं तर आधी भिंतीपलीकडेच जावं लागेल.

पाचव्या दिवशी वहिनी पापड वाळत घालत होत्या. मी सांगितलं की माझं कन्फर्म झालं आणि मी जाते आहे. त्यांना आधी वाटलं दसऱ्यानंतरचं बोलते. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"एकल्याच?"

हो, म्हटलं.

"कावून पन? आमी त दिवाळीच्या आधी जाऊनच राहिलो ना सारे. मंग तुमी आमच्यासंगं नाई येनार?"

मी सवलतीचा नियम सांगितला. तो त्यांना माहीत होता. त्या पापड उलटत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "मंग आमचं कोन करन ताई?"

हे वाक्य रागातलं नव्हतं. त्या खरंच काळजीत पडल्या होत्या. फॉर्म कोण भरणार, बंगल्याला कोण लिहिणार, औषधं कोण घेणार. मी तिथं भिंतीला हात टेकून उभी राहिले आणि तीन महिन्यांतले सगळे गुरुवार माझ्या डोक्यातून पुन्हा एकदा गेले, या वेळी थोडे वेगळे दिसत. तरी मी त्यांना दोष देत नाही. मीच त्यांना दुसरं काही करायला ठेवलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं की सगळी फाइल देऊन जाईन, याद्यांसकट, पत्ते वर लिहून. दिलीही. ऑक्टोबरात कोणी गेलं नाही, ते पुढचं. त्या दिवसानंतर गुरुवारी माझ्याकडे कोणी आलं नाही, कारण ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊजी शटडाऊनमध्ये बारा-बारा तास अडकले होते. रस्त्यात भेटले की विचारायचे, तयारी झाली का ताई, आणि सायकल न थांबवता पुढं जायचे. मोठे बाबू ऑफिसात थोडे तुटकपणे वागले. माझा फॉर्म त्यांच्याच सहीनं पुढं जायचा होता. सही करताना त्यांनी आश्रितांच्या रकान्यातल्या रेघेवर बोट ठेवलं आणि सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी तिखट पुऱ्यांचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, चार दिवस टिकतात, दिल्लीच्या स्टेशनावरचं काही खाऊ नका. काकूंनी त्यांची स्वतःची शाल पाठवली. म्हणजे माया होती. ती नव्हती असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. फक्त स्टेशनावर कोणी येऊ शकलं नाही. भाऊजींची ड्यूटी, मुलांचे क्लास, काकांचा गुडघा. मी एक सूटकेस, एक पिशवी आणि साखळी घेऊन टेम्पोत बसले. टेम्पोवाल्यानं विचारलं, और कौन है, रुकूं क्या. चलिए, म्हटलं.

गाडीत आमच्या त्या जागांवर एक वऱ्हाड होतं. रायपूरची मंडळी, मुलीकडची. त्यांनी मला दोनदा लाडू दिले आणि एकदा विचारलं की मी कोणाकडे चालले आहे. कोणाकडेच नाही, असं म्हटलं तर त्यातली एक म्हातारी बाई माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिली, की पुढच्या वेळी कोणी विचारलं तेव्हा मी बहिणीकडे असं सांगितलं. दिल्लीला गाडी बदलून काठगोदाम, आणि तिथून बसमध्ये पूर्ण दिवस गेला. वळणांवर मळमळत होतं. औषधांच्या यादीतली मळमळीची गोळी मी सगळ्यात आधी विकत घेतली होती, तेरा जणांसाठीची पूर्ण पाकिटं. ती भिलाईत काकूंकडे राहिली होती.

संध्याकाळी कौसानीला उतरले. बंगल्याचा चौकीदार फौजेतून निवृत्त झालेला माणूस होता, ताठ उभा राहायचा. त्यानं माझं सामान उचललं आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "बाकी पार्टी पीछे वाली बस में है?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिकिटं रद्द केली, रजेचे कागद बदलले, साखळ्या वाटून टाकल्या, पण बंगल्याला पत्र लिहायचं राहून गेलं. माझ्या याद्या सगळ्या करायच्या कामांच्या होत्या. मोडायच्या कामांची यादी मी कधी केलीच नव्हती. आत चार खोल्या झाडून, अंथरुणं घालून तयार होत्या. प्रत्येक खाटेवर घडी घातलेली रजई. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात डाळ चढवलेली. मी त्याला सांगितलं की कोणी येणार नाही, चूक माझी. तो रागावला नाही. पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाला, ठीक है, सड़क वाले मजदूर खा लेंगे.

मग त्यानं विचारलं, कोणती खोली उघडू. मी म्हटलं, मागची लहान. पत्रात तीच माझ्या नावावर होती.

दोन दिवस काही दिसलं नाही. मे महिन्यात खालच्या जंगलांना वणवे लागतात, त्याचा धूर दरीत भरून राहतो. समोर नुसती करडी भिंत. माझ्या खोलीची खिडकी तर लाकडांच्या ढिगाकडे उघडायची. मी स्वेटर घालून पडवीत बसायची, वाचायची, जेवायची वेळ झाली की जेवायची. पुऱ्या खरंच चार दिवस टिकल्या. चौकीदार येता-जाता म्हणायचा की पुढच्या खोल्या रिकाम्या आहेत, चारही तुमच्याच नावावर आहेत. मी म्हणायची, इथं ठीक आहे. दुपारी बाजारात एक चक्कर मारायची, तिथं दोन दुकानं आणि एक पोस्ट. पोस्टातून तीन कार्डं घेतली, तीन घरांसाठी. लिहायला बसले तर काय लिहावं ते सुचेना. अजून काही दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या. चौथ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. "मैडम, खुल गया." मी शाल ओढून निघाले. मागच्या खोलीतून अंगणात यायचं तर पूर्ण व्हरांडा चालून यावं लागे, तिन्ही बंद दारांवरून. पायात चप्पल नव्हती, फरशी बर्फासारखी गार होती. कोपरा वळले आणि समोर ते होतं.

फिटरनं हात का खाली घेतले नव्हते ते कळलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधोमध त्रिशूळ, उजवीकडे जरा मागं नंदादेवी, अशी नावं चौकीदारानं बोटानं दाखवली आणि तो चूल पेटवायला आत गेला. शिखरांच्या कडा आधी गुलाबी होत्या, मग पिवळ्या झाल्या, मग नुसत्या पांढऱ्या. मी डावीकडे वळले, हात थोडा वर उचलला, तोंडात शब्दही आला होता, बघा. शेजारी कोणी नव्हतं. हात तसाच राहिला. मग मी तो शालीत घेतला आणि पुढं बघत राहिले. रडू आलं नाही. शेजारची जागा रिकामी होती, आणि त्यामुळे डोंगर कमी दिसले असंही नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. पंधरा-वीस मिनिटांनी खालून ढग वर आले आणि एकेक शिखर झाकत गेले.

दुपारी जेवण झाल्यावर मी सूटकेस भरली. चौकीदाराला वाटलं मी निघाले. मी त्याच्याकडून मधल्या मोठ्या खोलीची किल्ली मागून घेतली, जिथं पत्रात मी मोठे बाबूंच्या सहा जणांना बसवलं होतं. तिथं सहा खाटा होत्या. पाचांवरच्या रजया मी एकावर एक रचून भिंतीशी ठेवल्या आणि खिडकीजवळच्या खाटेवर माझी चादर घातली. उशी कुठल्या बाजूला घ्यायची ते दोनदा बदललं.

माझे तीन दिवस अजून बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर बाहेर दाट धुकं. अंगणातलं झाडसुद्धा दिसत नव्हतं. चौकीदारानं दारातून विचारलं की आज तर काही दिसायचं नाही, चहा स्वयंपाकघरात घेता का, तिथं ऊब आहे.

"यहीं ले आइए," मी म्हटलं, आणि खाट थोडी आणखी खिडकीकडे ओढली.